मालदांडी कुणाची?

आमच्या आजोबांचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं, म्हणजे तात्यांचं, एका गोष्टीवरून कधीच जमलं नाही. जमिनीची वाटणी दोघांनी बिनबोभाट केली, विहिरीच्या पाळ्या ठरल्या त्या मोडल्या नाहीत, बांध कुणी कोरला नाही. पण मालदांडी ज्वारी कुणाची, या वादाला अंत नव्हता. आजोबा म्हणत, आपल्या बापजाद्यांची. तात्या म्हणत, सरकारची. "नुसती मालदांडी न्हवं ती. पस्तीस-एक हाय," असं ते बोट उगारून सांगत. तात्या मोहोळच्या सरकारी फार्मावर रोजंदारीला होते. त्यामुळे 'ज्याची खावी पोळी...' असं म्हणून घरातले त्यांचं बोलणं हसण्यावारी नेत.

आमचं गाव मंगळवेढ्याच्या बाजूचं, काळ्या रानाचं. पावसाळ्यात ही जमीन रिकामी ठेवायची, पाणी पिऊ द्यायची, आणि हस्ताच्या आगेमागे ज्वारी पेरायची. पेरल्यानंतर आभाळाकडून फारशी आशा नाही. जमिनीत मुरलेल्या ओलीवर पीक माघ-फाल्गुनापर्यंत तग धरतं. थंडीच्या दिवसांत ताटं उंच होतात, ओल खाली गेली की मुळं तिच्यामागे जातात, आणि रानाला हात जाईल अशा भेगा पडतात. अशा रानात मोत्यासारखी टपोरी ज्वारी पिकते, याचं बाहेरच्या माणसाला नवल वाटतं. आम्हाला कधी वाटलं नाही, कारण लहानपणापासून दुसरं काही पाहिलं नव्हतं.

तात्या कामाला लागले तोवर पस्तीस-एक निघून बरीच वर्षं झाली होती. ते काम १९३० च्या दशकातलं. मूळची मालदांडी शेतकऱ्यांचीच होती, पण एकाच रानात दहा तऱ्हेची ताटं असायची. कुठलं उंच, कुठलं बुटकं, कुणाचं कणीस भरलेलं, कुणाचं विरळ. मोहोळच्या फार्मावर त्यातली कणसं निवडून वेगळी काढली गेली. एका कणसाचं बी एका ओळीत, दुसऱ्याचं दुसऱ्या ओळीत. जी ओळ नापसंत ती तिथंच बाद. उरलेल्यांतून पुन्हा निवड, पुढच्या साली पुन्हा. या चाळणीतून जी एक ओळ टिकली तिचा नंबर ३५-१. तिचा दाणा पांढराशुभ्र आणि चमकदार, कडबा जनावरं आवडीनं खातात असा, आणि खोडमाशीला ती इतरांपेक्षा कमी बळी पडते. नाव जुनंच राहिलं, त्याला फक्त आकडा चिकटला. गावानं तर आकडाही टाकून दिला.

तात्यांचं काम कणसांना पिशव्या घालण्याचं. फुलोऱ्याच्या आधी कागदी पिशवी कणसावर चढवायची आणि तळाशी घट्ट आवळायची, म्हणजे शेजारच्या ताटाचा पराग आत जात नाही आणि बी शुद्ध राहतं. रस्त्यानं जाणारे लोक म्हणायचे, सरकार ज्वारीला टोप्या घालतंय. काढणीला दाणे वेगळे तोलायचे, कडबा वेगळा तोलायचा, दोन्ही आकडे वहीत. आणि सगळ्यात कंटाळवाणं काम म्हणजे खडखड्याची ताटं मोजणं. दाणा भरायच्या वेळी जमिनीतली ओल संपत आली की या रोगानं बुडखा आतून पोकळ होतो आणि ताट लोळतं. ओळीत किती उभी, किती आडवी, हे वाकून वाकून मोजायचं. तात्या सांगत, "सायब विचारायचा, तात्या, किती पडली? आनी मी सांगितलेला आकडा वहीत जायचा. माझा आकडा, लेका!" दोन इयत्ता शिकलेल्या माणसाच्या तोंडचं ते सांगणं ऐकून आजोबासुद्धा क्षणभर गप्प बसत.

या फार्मांना पैसा कुठून यायचा, हे तात्यांना ठाऊक नव्हतं. मी नंतर शोधलं. शेतीचा शाही आयोग १९२६ साली नेमला गेला, त्याच्या अहवालानंतर १९२९ मध्ये अखिल भारतीय पातळीवरची शेती संशोधनाची परिषद स्थापन झाली. आजची भारतीय कृषी संशोधन परिषद ती हीच. तिच्याच पैशावर १९३३ च्या सुमारास कोरडवाहू शेतीची पाच केंद्रं निघाली: सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर आणि रोहतक. पुढे १९४० मध्ये कायदा होऊन परदेशी जाणाऱ्या काही शेतमालावर अर्धा टक्का उपकर बसला आणि तो या परिषदेला मिळू लागला. म्हणजे तात्यांच्या मजुरीतलं काही कुठल्या तरी बंदरात निघालेल्या मालातून वळतं होत असेलही. राज्य इंग्रजांचं होतं, त्यांना आमच्या भाकरीचा कळवळा होता असं मी म्हणणार नाही. दुष्काळ पडला की सारा बुडतो आणि दुष्काळी कामांवर खर्च होतो, हे गणित त्यांना पक्कं कळलं होतं. पण वहीतले आकडे मात्र आमच्या रानाचे होते.

शेतकी खात्याचं काम घरापर्यंत कसं पोचलं, ते आमच्या आजीच्या तोंडून जास्त कळतं. तिच्या सासूच्या काळी काणी फार. कणसात दाण्याच्या जागी काळी भुकटी भरलेली, मळणीला सगळ्यांची तोंडं काळी. देवाचं काही राहिलं असेल म्हणून नवस बोलले जायचे. मग शेतकी खात्याचा माणूस पिवळी पूड घेऊन आला. गंधक. मडक्यात बी घालायचं, वर चिमूटभर पूड टाकायची, तोंड बांधून मडकं हलवायचं आणि मग पेरायचं. खर्च जवळजवळ नाहीच. सासूबाईंनी निम्मं बी तसं पेरलं आणि निम्मं देवावर सोडलं. आजी हसून सांगायची, "दुसऱ्या साली समदं मडक्यात घातलं. देवाला नारळ दिला, गंधकाला काय द्यायाचं?"

कोळपणीचंही तसंच. सोलापूरच्या केंद्रावर एन. व्ही. कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोरडवाहू शेतीची जी पद्धत बसवली, तिच्यात नवलाचं यंत्र एकही नव्हतं. बांध घाला, बी थोडं पेरा, दोन ओळींत अंतर वाढवा, आणि कोळपत राहा. तण काढायला नव्हे फक्त, तर मातीचा वरचा थर मोकळा राहून खालची ओल उडू नये म्हणून. तिसरी कोळपणी दातेरी कोळप्यानं करायची, म्हणजे भेगा बुजतात. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, हे आमच्याकडे पोरंही सांगतात. आजोबांच्या लेखी हीदेखील बापजाद्यांची विद्या. तात्यांनी विचारलं, "दाद्या, आपला बाप दोन ओळींत किती अंतर ठेवायचा?" आजोबांनी विषय बदलला.

इथं थोडं थांबायला हवं. गंधकाची चिमूट, ओळीतलं अंतर, घरीच राखून पुन्हा पेरता येणारं बी: यातलं काहीही विकून कुणी श्रीमंत होणार नाही. पस्तीस-एक एकदा घरी आली की शेतकरी पुढची कितीतरी वर्षं दुकानाची पायरी चढत नाही, शेजाऱ्याला पायलीभर देतो, लेकीच्या गावाला पाठवतो. व्यापारी कंपनीनं असल्या वाणामागे दहा वर्षं का घालवावीत? कंपनीला दोष द्यायचं कारण नाही, तिचा धंदाच तो नव्हे. पण म्हणूनच हे काम सरकारी तिजोरीतून झालं नाही तर कुणीच करत नाही, आणि झालं तर ते इतकं गुपचूप घरोघर मिसळून जातं की लोक त्याला बापजाद्यांचं समजतात. आजोबांचा हट्ट हे एका अर्थानं मोहोळ फार्माला मिळालेलं प्रशस्तिपत्रच होतं. तात्यांना ते तसं कधी वाटलं नाही, ही गोष्ट वेगळी.

मग हायब्रीड आलं. सीएसएच-१ हा ज्वारीचा देशातला पहिला संकरित वाण १९६४ मध्ये बाहेर पडला, आणि वसंतराव नाईकांच्या सरकारनं तो गावोगाव पोचवायचा चंगच बांधला. त्याच्या आईबापांपैकी एक ओळ अमेरिकेतून आलेली. ताट बुटकं, कणीस गच्च, पीक लवकर हाती. आजोबांनी खरिपात एका तुकड्यात करून पाहिलं. उतारा बघून डोळे फिरले. पण पीक लवकर येतं म्हणजे पावसातच येतं. ऐन काढणीला झड लागली आणि दाणे काळे पडले. भाकरी दुपारपर्यंत वातड. कडबा म्हशीनं हुंगला आणि तोंड फिरवलं. आजोबांनी तात्यांना सुनावलं: "ही घ्या तुमच्या सरकारची ज्वारी!" तात्यांनाही ती भाकरी आवडली नव्हती, पण चारचौघांत त्यांनी कबूल केलं नाही.

परभणीकडे दिलेली आमची आत्या मात्र हायब्रीडला नावं ठेवू द्यायची नाही. तिच्याकडे खरिपाची ज्वारी, पाऊस बरा, आणि घरात खाणारी तोंडं ढीगभर. "चव बघाया पोट भरलेलं लागतं," म्हणायची. पुढे सीएसएच-५, सीएसएच-९ आले, दाणा सुधारला, आणि खरिपात संकरित ज्वारीनं मराठवाडा-विदर्भात कणग्या भरल्या हे खरंच आहे. रब्बीत मात्र तसं काही घडलं नाही. नवे वाण यायचे आणि पस्तीस-एकच्या शेजारी लावून तोलले जायचे. पुष्कळदा तीच सरस ठरायची, दाण्यात नाही तर कडब्यात, कडब्यात नाही तर भाकरीत.

बहात्तरच्या दुष्काळाचं साल आमच्या घरात सगळे हळू आवाजात सांगत. आधीचं सालही धड नव्हतं, त्या साली तर रान पेरलंच गेलं नाही. माणसं खडी फोडायला, सुकडीच्या रांगेत पोरं, आणि रेशनवर मिलो, म्हणजे अमेरिकेची तांबडी ज्वारी. आजी म्हणायची, रंग बघून पहिल्या दिवशी कुणी हात लावेना, दुसऱ्या दिवशी कुणी विचारलं नाही. त्या दिवसांत घरातलं बियाण्याचं मडकंही रिकामं झालं. राखेत घालून, कडुनिंबाचा पाला ठेवून जपलेली ज्वारी दळून खाल्ली. पुढच्या साली पाऊस झाला, हस्त लागला, आणि पेरायला घरात दाणा नाही. तात्या मोहोळला गेले आणि पैसे मोजून पस्तीस-एकचं बी घेऊन आले. दोन्ही घरांची रानं त्यावर पेरली गेली. मालदांडी कुणाची, हा वाद खरं तर तेव्हाच मिटायला हवा होता. आजोबा मरेपर्यंत 'आपल्या घरचं बी' असंच म्हणत राहिले, आणि तात्यांनी ती मोहोळची फेरी त्यांना कधी बोलून दाखवली नाही. आम्हाला ती आजीनं सांगितली.

एव्हाना कृषी विद्यापीठांचा काळ सुरू झाला होता. राहुरी १९६८, अकोला १९६९, परभणी आणि दापोली १९७२. मोहोळ राहुरीकडे गेलं. राहुरीवाल्यांनी केलेली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. रब्बी ज्वारीचा एकच सर्वांत चांगला वाण शोधत बसण्याऐवजी त्यांनी आधी मातीची खोली विचारली. हलक्या, वीतभर-दीड वीत मातीच्या रानाला फुले अनुराधा, फुले माउली. मध्यम रानाला फुले सुचित्रा. भारी काळ्याला फुले वसुधा, फुले यशोदा. पाण्याची सोय असेल तर फुले रेवती. माळाची जमीन ज्याच्या वाट्याला येते तो गावात गरीबच असतो, आणि त्याच्यासाठी वेगळा वाण काढणं हे बाजाराच्या हिशेबात कधीच बसलं नसतं. हौसही आहे: लाह्यांसाठी फुले पंचमी, हुरड्यासाठी फुले उत्तरा, पापडांसाठी फुले रोहिणी. नागपंचमीच्या लाह्यांवर सरकारी पैसा खर्च होतो म्हणून कुणी नाकं मुरडतीलही, खुशाल मुरडोत.

एकदा वाण दिला की काम संपलं, असंही होत नाही. शेजारच्या सांगोल्यात डाळिंबानं पैसा आणला. गणेश ही जात पुण्याच्या गणेशखिंडीत डॉ. चिमांनी १९३६ मध्ये निवडलेली, भगवा राहुरीचा. मग तेल्या रोग आला आणि बागाच्या बागा तोडल्या गेल्या. २००५ मध्ये सोलापुरात डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र निघालं ते या धावपळीतच. बाजरीच्या संकरित वाणांनाही सत्तरच्या दशकात गोसावी रोगानं असंच गाठलं होतं. रोग थांबत नाही, म्हणून मोजणाराही थांबून चालत नाही.

आणि नेमकं तेच थांबतंय. आपला देश शेतीच्या उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास शेती संशोधनावर घालतो. एक टक्का तरी घाला, ही मागणी ऐकून ऐकून जुनी झाली. कृषी विद्यापीठांत कितीतरी जागा रिकाम्या आहेत. पूल अर्धवट राहिला तर लोक रस्त्यावर येतात. निवडीची एक ओळ या साली पेरली गेली नाही तर कोण येणार? त्याचा तोटा पंधरा वर्षांनी कळतो, आणि तेव्हा मंत्रीही दुसरा असतो नि शेतकरीही.

शेती आता माझा पुतण्या बघतो. माळाला अनुराधा, खालच्या रानाला वसुधा, बी विद्यापीठाच्या पिशवीतलं. ज्वारीला भाव बरा आहे, पुण्यात गव्हापेक्षा महाग जाते. तरी दरसाल तो एकेक तुकडा ज्वारीतून काढतोय. आमच्याकडे अजून ती हातानं उपटावी लागते. कमरेचा काटा मोडतो आणि माणसं मिळत नाहीत. यंदा खालच्या निम्म्या रानात त्यानं हरभरा केला, फुले विक्रम. हाही राहुरीचाच. याचं झाड उभट वाढतं, घाटे जमिनीपासून वर लागतात, आणि हार्वेस्टर घातला की तासाभरात रान मोकळं. "काका, ज्वारीचं बी असंच काही करून देतील का हे लोक?" असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, मोहोळला जाऊन विचारू. तो म्हणाला, जाऊया, पण आधी चौकशी करा, तिथं सध्या माणूस आहे का ती.