सेन्सेक्स

भारतातील ३० मोठ्या कंपन्यांच्या समभागांच्या किमतींची चढउतार एका आकड्यात मांडणारा मुंबई शेअर बाजाराचा (बीएसई) निर्देशांक. तो २ जानेवारी १९८६ पासून प्रसिद्ध होऊ लागला. १९७८-७९ हे त्याचे आधारवर्ष असून त्या वर्षीचे मूल्य १०० धरले आहे. हे नाव शेअर बाजाराचे विश्लेषक दीपक मोहोनी यांनी दिले. राष्ट्रीय शेअर बाजाराचा (एनएसई) निफ्टी ५० हा दुसरा प्रमुख निर्देशांक १९९६ मध्ये सुरू झाला.

पार्श्वभूमी : मुंबईच्या शेअर बाजाराच्या पूर्वेतिहासात वऱ्हाडच्या कापसाचा वाटा आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाड व गुजरातमधील कापसाचे भाव कडाडले. त्या व्यापारातून मुंबईत आलेला पैसा शेअरच्या सट्ट्यात उतरला. युद्ध संपताच १८६५ मध्ये तो कोसळून अनेक पेढ्या बुडाल्या. पुढे ९ जुलै १८७५ रोजी दलालांनी ‘नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन’ स्थापन केली. तीच आजची बीएसई. कायद्यानुसार तिला १९५७ मध्ये सरकारी मान्यता मिळाली.

गणनपद्धती : कंपनीच्या एकूण समभागांपैकी प्रवर्तकांकडचे वगळून जे समभाग बाजारात व्यवहारासाठी खुले असतात, त्यांचेच बाजारमूल्य मोजतात. ३० कंपन्यांच्या अशा मूल्यांची बेरीज आधारवर्षाच्या मूल्याने भागून १०० ने गुणली की निर्देशांक मिळतो. ही ‘फ्री फ्लोट’ पद्धत १ सप्टेंबर २००३ पासून लागू आहे. त्यापूर्वी सर्व समभागांचे मूल्य धरले जाई. कंपनी बदलली किंवा नवे समभाग निघाले, तर आधारमूल्य त्या प्रमाणात बदलतात. त्यामुळे अशा बदलाने निर्देशांकात कृत्रिम उडी येत नाही. कंपन्यांनी वाटलेला लाभांश या आकड्यात धरत नाहीत. सर्व कंपन्यांचे वजन सारखे नसल्याने एखादी मोठी बँक घसरली, तर अनेक लहान घटक वधारूनही निर्देशांक खाली येऊ शकतो.

घटक कंपन्या : सुरुवातीच्या यादीवर कारखानदारीची छाप होती. टाटांची पोलाद कंपनी, प्रीमियर ऑटोमोबाइल्स, पुण्याच्या भारत फोर्ज व किर्लोस्कर कमिन्स यांच्याबरोबर विदर्भातील बल्लारपूरच्या नावाची बल्लारपूर इंडस्ट्रीज ही कागद कंपनीही तीत होती. ऑगस्ट १९९६ मध्ये एकाच फेरबदलात निम्म्या, म्हणजे १५ कंपन्या बदलल्या. बल्लारपूर, भारत फोर्ज, प्रीमियर बाहेर पडल्या; स्टेट बँक, आयसीआयसीआय, बजाज ऑटो आत आल्या. १९९८ मध्ये इन्फोसिस आली. आज बँका व वित्तसंस्थांचे वजन सर्वाधिक आहे. यादीचा आढावा वर्षातून दोनदा घेतला जातो.

वाटचाल : सेन्सेक्सने १९९० मध्ये १,००० चा, २००६ मध्ये १०,००० चा, २०२१ मध्ये ५०,००० चा आणि जुलै २०२४ मध्ये ८०,००० चा टप्पा ओलांडला. या वाटचालीत मोठ्या घसरणीही आहेत. शेअर दलाल हर्षद मेहता याचा रोखे घोटाळा उघडकीस आल्यावर २८ एप्रिल १९९२ रोजी तो ५७० अंशांनी, म्हणजे सुमारे १२.८ टक्क्यांनी पडला. जानेवारी २००८ मध्ये २१,००० च्या वर गेलेला निर्देशांक मार्च २००९ मध्ये ८,२०० च्याही खाली आला. कोविडच्या टाळेबंदीच्या तोंडावर, २३ मार्च २०२० रोजी, एका दिवसात १३ टक्क्यांहून अधिक घसरण झाली. लोकसभा निकालाच्या दिवशी, ४ जून २०२४ रोजी, तो सुमारे ४,३९० अंशांनी पडला. पण ही घट ६ टक्क्यांहून कमी होती. म्हणून घसरण अंशांत न मोजता टक्क्यांत मोजावी. निर्देशांक १०, १५ व २० टक्के हलल्यास व्यवहार थांबवण्याची तरतूद शेअर बाजाराची नियामक संस्था ‘सेबी’ने २००१ पासून केली आहे.

वाशिमच्या संदर्भात : १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला वाशिम जिल्हा प्रामुख्याने सोयाबीन, तूर व कापूस यांवर जगतो. शेतमालाचा भाव सेन्सेक्समध्ये मोजला जात नाही. वाशिम, कारंजा, रिसोड येथील बाजार समित्यांतील सोयाबीनचा दर आवक, दाण्यातील ओलावा, पेंडीची निर्यात, खाद्यतेलावरील आयात शुल्क आणि जागतिक बाजार यांवर ठरतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये विक्रमी पातळीवर गेलेले सोयाबीनचे दर सप्टेंबरमध्ये झपाट्याने उतरले. त्याच महिन्याच्या २४ तारखेला सेन्सेक्स प्रथमच ६०,००० वर बंद झाला. त्यानंतर २० डिसेंबर २०२१ रोजी ‘सेबी’ने सोयाबीनसह सात शेतमालांचे नवे वायदे व्यवहार थांबवले.

तरीही जिल्ह्याचा सेन्सेक्सशी संबंध आहे. पाऊस चांगला झाला की ट्रॅक्टर, दुचाकी, साबण यांची ग्रामीण मागणी वाढते आणि महिंद्र अँड महिंद्र किंवा हिंदुस्तान युनिलिव्हर यांसारख्या घटक कंपन्यांच्या विक्रीत ती उतरते. भविष्यनिर्वाह निधी संघटना ऑगस्ट २०१५ पासून सेन्सेक्स व निफ्टीवर आधारित फंडांत पैसा गुंतवते. त्यामुळे तिचा सभासद असलेल्या कामगाराच्या बचतीचा काही भाग, त्याने स्वतः एकही शेअर घेतला नसला तरी, या बाजारात असतो.

मर्यादा : सेन्सेक्स मोठ्या नोंदणीकृत कंपन्यांच्या मालकीचे बाजारमूल्य सांगतो. शेती, छोटे उद्योग, मजुरी आणि रोजगार त्याच्या कक्षेबाहेर राहतात. देशातील गुंतवणूकदारांचा कल कळण्यासाठी तो विश्वासार्ह आहे. वाशिमसारख्या जिल्ह्याचे वर्ष कसे गेले हे ठरवायचे, तर पाऊस, एकरी उतारा आणि हमीभाव व बाजारभाव यांतील अंतर पाहणे भाग आहे. दोन्ही मोजमापांना सारखे महत्त्व दिल्याशिवाय अर्थव्यवस्थेचे चित्र पूर्ण होत नाही.