मानजिरो, नाकाहामा
(२७ जानेवारी १८२७ – १२ नोव्हेंबर १८९८). जपानी दर्यावर्दी, दुभाषी व शिक्षक. तोसा प्रांतातील गरीब कोळी कुटुंबात जन्म. १८४१ मध्ये मासेमारीची होडी वादळात भरकटून तो चार सोबत्यांसह निर्जन तोरिशिमा बेटाला लागला. समुद्रपक्ष्यांचे मांस आणि पावसाचे पाणी यांवर पाचही जण तगले. ‘जॉन हाउलंड’ या देवमाशांच्या शिकारीच्या अमेरिकन जहाजाचा कप्तान विल्यम व्हिटफील्ड याने त्यांची सुटका केली. सोबती होनोलुलूला उतरले. मानजिरो कप्तानाबरोबर अमेरिकेतील फेअरहेव्हनला गेला आणि इंग्रजी, गणित, नौकानयन, शिवाय लाकडी पिंपे बांधण्याचे कसब शिकला. कॅलिफोर्नियात सोने शोधून त्याने परतीचे पैसे उभे केले. परदेशातून परतणाऱ्याला तेव्हा देहदंडही होऊ शकत होता. तरी आईच्या ओढीने तो १८५१ मध्ये परतला. नागासाकीत ख्रिस्ती प्रतिमेवर पाय ठेवून आपण ख्रिस्ती नसल्याचे त्याला दाखवावे लागले. पुढे त्याला सामुराईचा दर्जा मिळाला, पण १८५४ च्या जपान-अमेरिका वाटाघाटींपासून संशयापोटी दूर ठेवले गेले. १८६० मध्ये ‘कानरिन मारू’ जहाजावरून तो दुभाषी म्हणून पुन्हा अमेरिकेला गेला. त्याचे गाव ज्यात मोडते ते तोसाशिमिझू शहर आणि फेअरहेव्हन १९८७ पासून भगिनी-शहरे आहेत.