घट कशाची? उत्सर्जनाच्या परिभाषेच्या अभ्यासाची प्रस्तावना

नोव्हेंबर २०२१मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत अगदी शेवटच्या तासांत वाद पेटला तो एका क्रियापदावरून. मसुद्यात कोळशावरची वीज टप्प्याटप्प्याने ‘बंद’ करण्याची भाषा होती. भारताच्या आग्रहाने ती ‘कमी’ करण्यावर आली. कोणी याला माघार म्हटले, कोणी विकसनशील देशांचा न्याय्य हक्क. कर्ब उत्सर्जनाच्या परिभाषेचा अभ्यास करू पाहणाऱ्याने सुरुवात इथून करावी. त्यासाठी भौतिकशास्त्राची पदवी लागत नाही. बारकाईने वाचण्याची सवय आणि टक्केवारीचे गणित पुरते.

‘उत्सर्जन तीव्रता’ घ्या. २००५च्या तुलनेत २०३०पर्यंत ती ४५ टक्क्यांनी घटवू, असे भारताने २०२२मध्ये संयुक्त राष्ट्रांना कळवले. बोलण्याच्या ओघात ‘तीव्रता’ गळते आणि ऐकणाऱ्याला वाटते, धूर जवळजवळ निम्म्यावर येणार. पण तीव्रता म्हणजे देशाच्या उत्पन्नातल्या दर रुपयामागचे उत्सर्जन. उत्पन्न दुप्पट झाले आणि तीव्रता ४५ टक्क्यांनी उतरली, तर १००चे उत्सर्जन ११० होते. उत्पन्न तिप्पट झाले तर १६५. उद्दिष्ट गाठले जाते आणि हवेतला कार्बन वाढतच राहतो. यात फसवणूक नाही. ज्या देशाचे दरडोई उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे, त्याने असे माप निवडणे मला रास्त वाटते. मात्र ते माप लोकांना उलगडून सांगायलाच हवे.

अडचण फक्त आपली नाही. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक समितीच्या अहवालांतल्या शब्दांचा अर्थ अमेरिकेतल्या सामान्य माणसांना विचारला, तेव्हा सर्वांत अवघड ठरला ‘मिटिगेशन’, म्हणजे खुद्द उत्सर्जन कपातीचाच शब्द. काहींना तो कोर्टकचेरीचा किंवा विम्याचा वाटला.

‘नेट झिरो’त शून्य ठळक दिसते, त्यामागची वजाबाकी दिसत नाही. जेवढे हवेत सोडले, तेवढे झाडांनी वा यंत्रांनी परत शोषायचे, असा तो हिशेब. देशाने त्यासाठी २०७० हे वर्ष धरले, मुंबईच्या हवामान आराखड्याने २०५०. मग डहाणूत कोळशावर तयार होऊन मुंबईच्या उपनगरांत वापरली जाणारी वीज कोणाच्या खात्यात मांडायची? नव्या अभ्यासकाने कपातीची कोणतीही घोषणा हाती घ्यावी आणि कोणत्या वर्षाशी तुलना केली आहे, आकडा एकूण उत्सर्जनाचा आहे की तीव्रतेचा, एवढे आधी समासात लिहावे. डहाणूच्या विजेचा प्रश्न त्यानंतर हाती घेता येईल.