जॅक्सन पार्क (शिकागो)

जॅक्सन पार्क : अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील शिकागो शहराचे सरोवरकाठचे सार्वजनिक उद्यान आणि १८९३ साली भरलेल्या ‘वर्ल्ड्स कोलंबियन एक्स्पोझिशन’ या जागतिक प्रदर्शनाचे स्थळ. क्षेत्रफळ सुमारे २२३ हेक्टर. शहराच्या मध्यवर्ती भागापासून दक्षिणेस सुमारे ११ किमी. अंतरावर, मिशिगन सरोवराच्या काठाने ५६ व्या रस्त्यापासून ६७ व्या रस्त्यापर्यंत ते पसरले आहे. उत्तरेस हाइड पार्क, पश्चिमेस वुडलॉन व दक्षिणेस साउथ शोअर या वस्त्या आहेत. ‘मिडवे प्लेझान्स’ नावाचा सुमारे दीड किमी. लांबीचा हिरवा पट्टा त्याला पश्चिमेकडील वॉशिंग्टन पार्कशी जोडतो.

ही जमीन मुळात वाळूचे लांबट उंचवटे आणि त्यांच्यामधली दलदल अशी होती; मधूनमधून खुरटे ओक वृक्ष. १८६९ मध्ये साउथ पार्क कमिशन स्थापन झाले आणि न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचे रचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड व कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांच्याकडे आराखड्याचे काम आले. शिकागोच्या सपाट परिसरात डोळ्यांना सुखावणारी एकच गोष्ट आहे आणि ती म्हणजे सरोवर, हे ओल्मस्टेडने ओळखले. म्हणून १८७१ च्या आराखड्यात त्याने दलदल बुजवण्याऐवजी ती खोल करून सरोवराचे पाणी आत घ्यायचे ठरवले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात शहर आगीत जळाले, पैसा घरे बांधण्याकडे वळला आणि उद्यान रेंगाळले. पुढची जवळजवळ वीस वर्षे उत्तरेकडचा थोडा भाग सोडला तर येथे वाळू आणि चिखलच होता. दरम्यान राष्ट्राध्यक्ष अँड्रू जॅक्सन यांचे नाव उद्यानाला मिळाले.

प्रदर्शन. कोलंबसाच्या अमेरिकेतील आगमनाला चारशे वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त जागतिक प्रदर्शन भरवायचे होते. न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि सेंट लुइस या शहरांना मागे टाकून १८९० मध्ये अमेरिकी काँग्रेसकडून हा मान शिकागोने मिळवला. तयारीला वेळ अपुरा पडला. ऑक्टोबर १८९२ मध्ये समर्पणाचा सोहळा तेवढा उरकला. दारे उघडली ती १ मे १८९३ रोजी, म्हणजे चारशेएकाव्या वर्षी. बांधकामाचा प्रमुख होता वास्तुविशारद डॅनियल बर्नहॅम. त्याचा भागीदार जॉन रूट १८९१ च्या जानेवारीतच न्यूमोनियाने वारला होता. ओल्मस्टेड आपल्याच जुन्या, अर्धवट राहिलेल्या जागेवर परतला. तलाव खोदून निघालेली माती इमारतींचे चौथरे उंच करायला वापरली गेली. मध्ये एक बेट राखले गेले. या बेटावर काहीही बांधू नये, यासाठी ओल्मस्टेड हटून बसला होता. अखेर जपानच्या लहानशा मंडपापुरती त्याला माघार घ्यावी लागली.

मुख्य जलाशयाभोवतीचे प्रासाद ग्रीक-रोमन थाटाचे, एकाच उंचीच्या कार्निसांचे आणि पांढरेशुभ्र होते. लोक या प्रदर्शनाला ‘व्हाईट सिटी’ म्हणत. जवळून पाहिले असते तर त्यात संगमरवराचा कपचाही सापडला नसता. लोखंड व लाकडाच्या सांगाड्यावर ‘स्टाफ’ नावाचा लेप थापलेला असे. प्लास्टर ऑफ पॅरिस, थोडे सिमेंट आणि तागासारखे तंतू यांचे हे मिश्रण साच्यात ओतले की खांब, सिंह, देवदूत काहीही भराभर तयार होई. तुकडे खिळ्यांनी ठोकायचे आणि वरून फवाऱ्याने पांढरा रंग मारायचा. कारखानदारी व कलाकौशल्यांचे दालन सुमारे ५१४ मी. लांब आणि २४० मी. रुंद होते. एवढ्या मोठ्या छपराखालची जागा तोवर जगात कुठे नव्हती, पण तिचे आयुष्य एका उन्हाळ्यापुरतेच धरलेले होते. लुई सुलिव्हन या शिकागोच्याच वास्तुविशारदाने वाहतूक दालनाला मात्र रंगीत, सोनेरी कमानीचे रूप दिले. उरलेल्या पांढऱ्या नक्कलबाजीने अमेरिकी वास्तुकला कित्येक दशके मागे नेली, असे त्याने पुढे लिहिले. हा राग अतिशयोक्त असला तरी निराधार नव्हता. देशभरच्या बँका, कचेऱ्या आणि ग्रंथालये नंतर बराच काळ याच स्तंभांची री ओढत राहिली.

रात्री हे सारे विजेच्या दिव्यांनी उजळे. रोषणाईचे कंत्राट वेस्टिंगहाउस कंपनीने जनरल इलेक्ट्रिकपेक्षा कमी दर देऊन मिळवले आणि निकोला टेस्लाच्या प्रत्यावर्ती विद्युत् प्रणालीचे एवढे मोठे प्रात्यक्षिक प्रथमच लोकांसमोर आले. मिडवेवर करमणुकीची गर्दी होती. पिट्सबर्गचा पूल-अभियंता जॉर्ज वॉशिंग्टन गेल फेरिस याने तेथे सुमारे ८० मी. उंचीचे पोलादी चक्र उभारले. त्याला ३६ डबे होते. प्रत्येकात साठ माणसे मावत आणि दोन फेऱ्यांना ५० सेंट पडत. पॅरिसच्या १८८९ च्या प्रदर्शनातील आयफेल मनोऱ्याला शिकागोचे हे उत्तर होते. माणसांनी हाताने फिरवायचे लाकडी पाळणे आपल्याकडच्या जत्रांत त्याच्या कितीतरी आधीपासून होते. फेरिसने शोध लावला तो पाळण्याचा नव्हे, त्याच्या आकाराचा. चक्र सुरू झाले जूनमध्ये, आणि तोवर प्रदर्शन घाट्यात होते. फेरिस १८९६ मध्ये अवघ्या ३७ व्या वर्षी विषमज्वराने गेला. त्याचे चक्र सेंट लुइसच्या १९०४ च्या प्रदर्शनात पुन्हा फिरले आणि १९०६ मध्ये सुरुंग लावून पाडण्यात आले. या प्रदर्शनात प्रथम आल्या असे सांगितल्या जाणाऱ्या खाद्यपदार्थांची व वस्तूंची यादी फार लांब आहे. तीतले निम्मे तरी जाहिरातदारांनी मागाहून भरलेले असावे.

सहा महिन्यांत पावणेतीन कोटींच्या आसपास प्रवेश नोंदले गेले. अमेरिकेची लोकसंख्या तेव्हा सव्वासहा कोटींच्या घरात होती, हे पाहिले म्हणजे या आकड्याचे वजन कळते. ९ ऑक्टोबरच्या ‘शिकागो दिना’ला एका दिवसात सात लाखांहून अधिक लोक आले. समारोप मात्र झालाच नाही. २८ ऑक्टोबरला महापौर कार्टर हॅरिसन यांची त्यांच्या घरी गोळ्या घालून हत्या झाली आणि ३० तारखेला प्रदर्शन सोहळ्याविना मिटले.

वगळलेले लोक. या झगमगाटात कृष्णवर्णीय अमेरिकनांना जवळजवळ स्थान नव्हते. नियोजनाच्या समित्यांतून त्यांना दूर ठेवले गेले, कामेही हलकी मिळाली. उलट मिडवेवर पश्चिम आफ्रिकेतील डाहोमीच्या रहिवाशांचे ‘खेडे’ तिकीट लावून दाखवले जात होते. पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी फ्रेडरिक डग्लस व इतर दोघांच्या साहाय्याने एक पुस्तिका काढली. कृष्णवर्णीय अमेरिकन या प्रदर्शनात का नाही, याचा जाब तीत होता आणि ती प्रदर्शनाच्या आवारातच वाटली गेली. गुलामगिरीतून निसटून देशाचा अग्रगण्य वक्ता झालेल्या डग्लस यांना आपल्या देशाच्या दालनात जागा नव्हती. ते प्रदर्शनात बसत ते हैती प्रजासत्ताकाचे प्रतिनिधी म्हणून. प्रदर्शनाच्या वारशाचा हिशेब मांडताना हे खाते तळटीपेत ढकलण्याची सवय बरीच वर्षे टिकली.

सर्वधर्मपरिषद आणि भारत. मराठी वाचकाला शिकागो म्हटले की स्वामी विवेकानंद आठवतात, आणि सर्वधर्मपरिषदेतील त्यांचे व्याख्यान जॅक्सन पार्कात झाले असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. ११ ते २७ सप्टेंबर १८९३ या काळातील सर्वधर्मपरिषद प्रदर्शनाशी संलग्न असली तरी ती भरली मध्य शहरात, मिशिगन ॲव्हेन्यूवरील नव्या इमारतीत. ही इमारत प्रदर्शनाच्या परिषदांसाठी वापरून नंतर आर्ट इन्स्टिट्यूट या कलासंग्रहालयाकडे जायची, असे आधीच ठरले होते. ती आजही तेथेच आहे आणि तिच्यासमोरच्या रस्त्याच्या भागाला विवेकानंदांचे मानद नाव दिलेले आहे. २०१० मध्ये मुंबईचे चित्रकार जितीश कल्लाट यांनी तेथील भव्य जिन्याच्या ११८ पायऱ्यांच्या उभ्या पट्ट्यांवर विवेकानंदांच्या पहिल्या भाषणाचा मजकूर दिव्यांनी लिहिला होता. दिव्यांचे पाच रंग अमेरिकेच्या दहशतवादविरोधी इशारा-प्रणालीतले होते, आणि मांडणी खुली झाली ती ११ सप्टेंबरलाच.

परिषदेला मुंबईहून आणखीही माणसे गेली होती. जैन धर्माची बाजू मांडणारे वीरचंद गांधी मुंबईतील जैन संघटनेचे काम पाहत. मुंबईच्या ब्राह्मसमाजातर्फे बी. बी. नगरकर भारतातील समाजसुधारणेच्या कार्याविषयी बोलले. विवेकानंदांच्या प्रभावळीत हे नगरकर आपल्याकडे इतके झाकोळले गेले की मराठीतही त्यांचा उल्लेख क्वचितच येतो. राजा रविवर्मा यांनी पाठवलेली दहा चित्रे प्रदर्शनात लागली आणि त्यांना पारितोषिक मिळाले. त्यांचा शिळाप्रेसचा छापखाना पुढच्याच वर्षी मुंबईत सुरू झाला.

काय उरले. १८९३ हे अमेरिकेत आर्थिक अरिष्टाचे वर्ष. प्रदर्शन संपताच हजारो मजूर बेकार झाले आणि त्या हिवाळ्यात रिकाम्या प्रासादांत बेघरांनी आसरा घेतला. ५ जुलै १८९४ रोजी, पुलमन कंपनीच्या रेल्वे-संपाची धुमश्चक्री चालू असताना, मुख्य जलाशयाभोवतीच्या इमारती जळून खाक झाल्या. काही राज्यांची व देशांची दालने सुटी करून विकली गेली होती; मेन राज्याचे दालन आज त्या राज्यात पोलंड स्प्रिंग येथे उभे आहे.

जागेवर टिकलेला एकच मोठा प्रासाद म्हणजे चार्ल्स ॲटवुडचे ललितकला दालन. त्याचे टिकणे सौंदर्यामुळे नव्हे. पांढऱ्या लेपाच्या, केव्हाही पेट घेईल अशा घरात मोलाची चित्रे पाठवायला युरोपातील मालक आणि विमा कंपन्या तयार होईनात, म्हणून लेपाच्या आत विटांच्या भिंती घ्याव्या लागल्या. १८९४ मध्ये तेथे फील्ड संग्रहालय सुरू झाले. ते १९२० च्या सुमारास मध्य शहरात हलले आणि इमारत ओसाड पडून लेप गळू लागला. पाडापाडीची भाषा सुरू असताना सीअर्स कंपनीचे ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी मोठी देणगी दिली. बाह्यांग चुनखडीच्या दगडात नव्याने घडवून १९३३ मध्ये येथे विज्ञान व उद्योग संग्रहालय उघडले. दुसऱ्या महायुद्धात पकडलेली यू-५०५ ही जर्मन पाणबुडी १९५४ पासून येथे आहे. २०२४ मध्ये देणगीदाराच्या नावावरून संग्रहालयाला ‘ग्रिफिन’ हे नाव जोडले गेले.

स्पेनमधील ला राबिदा मठाच्या, कोलंबसाच्या स्मरणार्थ बांधलेल्या प्रतिकृतीची कथा तितकी प्रसिद्ध नाही, पण माझ्या मते प्रदर्शनाचा सर्वांत उपयोगी वारसा तोच. १८९६ मध्ये त्या वास्तूत गरीब मुलांसाठी आरोग्यधाम निघाले. ती प्रतिकृती पुढे जळाली. रुग्णालय मात्र सरोवरकाठी त्याच भागात, त्याच नावाने आजही मुलांवर उपचार करते. जलाशयातील ‘रिपब्लिक’चा सुमारे २० मी. उंचीचा पुतळा १८९६ मध्ये जाळून टाकण्यात आला होता. मूळ शिल्पकार डॅनियल चेस्टर फ्रेंच याचीच सुमारे सव्वासात मी. उंचीची सोनेरी प्रतिकृती १९१८ पासून प्रदर्शनातील प्रशासन इमारतीच्या जागी उभी आहे.

जपानने क्योतोजवळच्या ब्योदो-इन मंदिराच्या धर्तीवर बांधलेला हो-ओ-देन, म्हणजे फिनिक्स मंडप, शहराला भेट दिला होता. त्याच्याभोवती १९३० च्या दशकात जपानी बाग झाली. युद्धानंतर १९४६ मध्ये मंडप जाळपोळीत नष्ट झाला. त्याच्या काही कोरीव लाकडी पट्ट्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. बाग १९८० च्या दशकात नव्याने बांधली गेली. तिला ओसाका या भगिनी-शहराचे नाव मिळाले, नंतर ‘फिनिक्स’चे. २०१३ मध्ये प्रदर्शनाच्या १२० व्या वर्षानिमित्त १२० चेरीची झाडे लावण्यात आली. मंडपाच्या मूळ जागी २०१६ पासून योको ओनो यांचे कमळपाकळ्यांचे पोलादी शिल्प आहे.

शहराला मिळालेला खरा ठेवा इमारतींच्या पलीकडे आहे. प्रदर्शन पांगल्यावर ओल्मस्टेडच्या पेढीने १८९५ मध्ये तलाव, बेट व कुरणे पुन्हा बसवली. आजच्या उद्यानाचा सांगाडा तोच. बर्नहॅमला येथेच नगररचनेची चटक लागली. एडवर्ड बेनेट याच्यासह त्याने १९०९ मध्ये काढलेल्या शिकागोच्या आराखड्यात सरोवराचा काठ सर्वांसाठी मोकळा ठेवण्याचे तत्त्व होते, आणि शहराने ते पुष्कळ अंशी पाळले. प्रदर्शनासाठी उद्यानापर्यंत आणलेला उन्नत लोहमार्ग ६३ व्या रस्त्यावर शंभर वर्षे टिकला. १९९० च्या दशकात त्याचा पूर्व टोकाचा भाग पाडण्यात आला आणि वुडलॉनच्या आधीच खंगलेल्या बाजारपेठेचा आणखी एक आधार गेला.

अलीकडचा वाद. उद्यानाच्या पश्चिम कडेला सुमारे ८ हेक्टर जागेवर बराक ओबामा यांचे अध्यक्षीय केंद्र उभारण्याचे २०१६ मध्ये ठरले आणि २०२१ मध्ये काम सुरू झाले. सार्वजनिक उद्यानाची जमीन खाजगी प्रतिष्ठानाला का द्यावी, शेकडो झाडे का तोडावीत, असे विचारत एक नागरिक संघटना न्यायालयात गेली. तिला यश आले नाही. भाडी वाढून आपण हुसकले जाऊ, ही भीती वुडलॉनमधील कृष्णवर्णीय रहिवाशांनी मांडली, आणि शहराने त्यांच्या घरांच्या संरक्षणासाठी २०२० मध्ये वेगळा वटहुकूम केला. डग्लस यांना जेथे हैतीच्या दालनात बसावे लागले, त्याच भूमीवर पहिल्या कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्षाचा सुमारे ७० मी. उंच मनोरा उभा राहिला ही बाब मोठी खरी. पण ओल्मस्टेडच्या आराखड्याला त्याने धक्का लावला, हा आक्षेपही त्यामुळे खोटा ठरत नाही.

भेटीसाठी. मध्य शहरातून मेट्रा इलेक्ट्रिक रेल्वेने ५७ व्या किंवा ५९ व्या रस्त्याच्या थांब्यावर उतरून उद्यानात चालत जाता येते. बेट व जपानी बाग पाहण्यास शुल्क नाही, संग्रहालयास तिकीट आहे. चेरीचा बहर साधारणपणे एप्रिलच्या उत्तरार्धात किंवा मेच्या आरंभी येतो आणि थोडेच दिवस टिकतो. विवेकानंदांच्या भाषणाचे स्थळ पाहायचे असल्यास येथे न येता आर्ट इन्स्टिट्यूटला जावे.