अव्यक्ताला नाव देताना

कमळांच्या राशीचे भास्कराचार्यांचे उदाहरण आपणांपैकी पुष्कळांनी ऐकले असेल. राशीचा तिसरा हिस्सा शंकराला, पाचवा विष्णूला, सहावा सूर्याला व चौथा देवीला वाहिला. उरलेली ६ कमळे गुरुचरणी अर्पण केली. तर एकूण कमळे किती? ‘लीलावती’तील इष्टकर्म सांगते की, राशी मनास येईल ती माना. आपण ६० मानू. वाहिलेली कमळे २०, १२, १० आणि १५, म्हणजे ५७ झाली, उरली ३. उरावयास हवीत ६, म्हणजे दुप्पट. तेव्हा राशीही दुप्पट, १२०.

ही युक्ती फार जुनी. इजिप्तमधील इ.स.पू. १५५० च्या सुमाराच्या पपायरसातही ती आढळते. पण तिला एक मर्यादा आहे. ‘बीजगणिता’तील दुसरे उदाहरण पाहा. एकाजवळ ३०० रुपये व ६ घोडे. दुसऱ्याजवळ १० घोडे, पण डोक्यावर १०० रुपयांचे ऋण. दोघांचे धन सारखे. घोड्याचे मोल काय? येथे मोल दुप्पट मानले म्हणून कोणाचेही धन दुप्पट होत नाही. रोकड आणि ऋण जागच्या जागीच राहतात. इष्टकर्म येथे थांबते.

आता अज्ञातालाच नाव द्यावे लागते. भास्कराचार्य त्याला ‘यावत्तावत्’ म्हणतात आणि थोडक्यात ‘या’ लिहितात. दोन पक्ष एकाखाली एक मांडायचे. मग ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये सांगितलेला नियम लावायचा: ज्ञातांचे अंतर ४००, अव्यक्तांच्या गुणकांचे अंतर ४, म्हणून मोल १००.

कमळेही याच रीतीने सुटतात. ‘या’चा विसावा भाग ६ आहे, दोन्ही पक्षांना २० ने गुणले की छेद जातो. आपला विद्यार्थी एकाच पक्षाचा छेद पुसून मोकळा होतो. नियम त्याला पाठ असतो; समीकरण म्हणजे दोन सारख्या वस्तू आहेत, हे मात्र त्याला कोणी दाखविलेले नसते.

ते दाखवावयास ग्रंथ पुरत नाही, गुरू लागतो. १११४ साली जन्मलेल्या या पंडिताच्या घराण्याने हे ओळखले होते. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ काढला. त्याला १२०७ साली मिळालेल्या दानाचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. लेखाचा शेवट जुन्या मराठीत आहे. मठाला बाजारातून काय मिळावे, घाण्यामागे तेल किती द्यावे, हे त्यात नोंदलेले आहे. ‘या’ म्हणजे काय हे ज्या तेल्याला बहुधा कधी कळले नसेल, त्याच्या तेलावर बीजगणिताचा हा मठ पोसला जात होता. अव्यक्ताची विद्या टिकली ती अशा व्यक्त हातांमुळे.