कळलावी : एका नावाचा इतिहास

श्रावणात सह्याद्रीच्या पायथ्याशी, रानाच्या कडेला, करवंदीच्या जाळीतून ज्वाळा वर यावी तसे एक फूल डोकावते. सहा पाकळ्या मागे वळलेल्या, कडा नागमोडी. आधी हिरवट पिवळ्या, मग केशरी, शेवटी लालभडक. पानांची टोके तणाव्यांसारखी वळतात आणि शेजारच्या झुडपाला धरून वेल वर चढते. ही कळलावी.

या एका वनस्पतीला मिळालेली नावे एकत्र ठेवली, की तिच्याकडे कोणी कोणत्या दृष्टीने पाहिले याचा इतिहासच समोर येतो. प्राचीन तमिळ कवींनी तिला 'कांदळ' म्हटले. डोंगराळ प्रदेशातील प्रेमाच्या कवितांत ती वारंवार येते आणि स्त्रीच्या बोटांना तिच्या पाकळ्यांची उपमा दिली जाते. संस्कृत वैद्यांचे लक्ष फुलापेक्षा जमिनीखाली अधिक होते. कंदाचा आकार नांगरासारखा, म्हणून 'लांगली'; आणि गुणावरून 'गर्भपातिनी'. उपविषांच्या यादीतही तिला स्थान मिळाले.

सतराव्या शतकात कोचीचा डच अधिकारी व्हान रेड याने मलबारच्या वनस्पतींचा 'होर्तुस मलाबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला (१६७८ ते १६९३). त्यात ही वेल 'मेंदोनी' या मल्याळी नावाने आली. ग्रंथामागे इट्टी अच्युतन या वैद्याचे ज्ञान होते. तसेच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पु भट या तीन कोकणी ब्राह्मणांचे साहाय्य होते. त्यांचे नागरी लिपीतील निवेदन पहिल्या खंडात छापले गेले. पुढे १७५३ मध्ये लिनियसने 'ग्लोरिओसा सुपर्बा' हे नाव दिले. त्यात वैभव आहे, डौल आहे. पण विष नाही, आणि ते ओळखणारी माणसेही नाहीत.

मराठी नावात मात्र ती माणसे आहेत. प्रसूती अडली की कंदाचा लेप लावून कळा आणण्याचा प्रयत्न होई. ही झाली सुईणीची कळलावी. दुसरीकडे, हे फूल घरात आणले तर भांडणे लागतात असा समज आहे. ही झाली घराची कळलावी. एकाच शब्दात एकीकडे बायकांचे ज्ञान आणि दुसरीकडे त्या ज्ञानाविषयीचा धाक नांदतो. हा धाक अगदीच निराधार नव्हता. कंद पोटात गेला तर जीव जातो, आणि खेड्यापाड्यांतील विषबाधेच्या घटनांत या कंदाचे नाव आजही येते.

हे विष काय, याचे उत्तर रसायनशास्त्राने दिले. युरोपातील कोल्चिकम या वनस्पतीतून १८२० मध्ये वेगळे केलेले कोल्चिसिन १९१५ मध्ये कळलावीतही सापडले. या दोघी आज एकाच कुळात गणल्या जातात. हे द्रव्य पेशींचे विभाजन रोखते. वनस्पतींच्या गुणसूत्रांची संख्या त्याने दुप्पट करता येते हे १९३७ मध्ये दिसून आले. वातरक्तावर तर ते जुनेच औषध आहे. तमिळनाडूने कळलावीला राज्यपुष्पाचा मान दिला. तेथे तिच्या बियांसाठी शेतीही होते. परंतु लागवडीचे कंद पुष्कळदा रानातूनच खणून आणले जातात.

येथे आपण थांबून विचार करायला हवा. बियांसाठी वेल जगावी लागते. कंद खणला की वेलच जाते. 'कळ लावणारी' म्हणून लोक तिला घराबाहेर ठेवत होते, तेव्हा त्या बदनामीनेच तिचे रक्षण केले. आता तिची किंमत कळली आहे आणि ते कवच गळून पडले आहे. अंधश्रद्धा जावी हे खरेच. पण तिच्या जागी रानातील वेलीविषयीचा आदर आला नाही, तर उरेल ते केवळ नाव. ज्या नावात सुईणींचा अनुभव साठला आहे, ते उच्चारताना डोळ्यांपुढे फूल मात्र उभे राहणार नाही.