रायपूरची मतपेटी, बस्तरची शिरगणती



निवडणूक जाहीर झाली की पुण्या-नागपूरहून फोन सुरू होतात. "काका, तुमच्या छत्तीसगडात या वेळी कोण येणार?" रायपुरात राहतो म्हणजे मला आतली बातमी असणार, असा भाच्यांचा समज. आतली बातमी काही नसते. पण फौजेत एक सवय लागली: आधी जमीन बघायची, मग फौजा मोजायच्या. निवडणुकीत जमीन म्हणजे लोकसंख्या. कोण कुठे राहतो, कुठून आला, किती वाढला. आज तेच बघू.

मराठी माणसाला हा परका विषय नाही. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत रायपूर आणि नागपूर एकाच विधानसभेसाठी मत देत होते. तेव्हाच्या मध्य प्रदेशची राजधानी नागपूर, मुख्यमंत्री रायपूरचे पंडित रविशंकर शुक्ल. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला, रायपूर भोपाळकडे. १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड वेगळे झाले. विधानसभेच्या जागा ९०.

२००३ च्या पहिल्याच निवडणुकीत शुक्लांचे चिरंजीव विद्याचरण काँग्रेस सोडून शरद पवारांच्या राष्ट्रवादीतर्फे मैदानात होते. घड्याळाला सुमारे ७ टक्के मते आणि जागा एक. भाजप ५०, काँग्रेस ३७, आणि दोघांच्या मतांतले अंतर अवघे अडीच टक्के. ती सातही टक्के मते काँग्रेसचीच होती असे मी म्हणणार नाही. पण निम्मी धरली तरी गणित कुठे जाते, बघा.

पुढे हेच उलट्या बाजूने दिसले. २०१८ मध्ये काँग्रेसला ४३ टक्के मते आणि ६८ जागा. २०२३ मध्ये ४२ टक्क्यांच्या थोडी वर मते आणि जागा ३५. मत एक टक्काही घटले नाही, जागा जवळजवळ निम्म्या! अजित जोगींच्या पक्षाला २०१८ मध्ये साडेसात टक्के मते होती. २०२० मध्ये जोगी गेले, पक्ष विरला आणि भाजप ३३ वरून ४६ टक्क्यांवर गेला. सरगुजा विभागातल्या १४ च्या १४ जागा आधी काँग्रेसकडे होत्या, त्या १४ च्या १४ भाजपकडे गेल्या. "लाट आली" म्हणणारे ही बेरीज करत नाहीत.

२०१३ साल मला वेगळ्या कारणाने आठवते. नोकरीतली वर्षे टपालाने मत पाठवण्यात गेली. यंत्रापुढे उभा राहिलो तो निवृत्तीनंतर, तेव्हा पहिल्यांदा. सगळ्यात खाली नवे बटण होते, नोटा. निकालात दोन मोठ्या पक्षांत पाऊण टक्क्याचे अंतर आणि नोटाला तीन टक्के, म्हणजे चार लाख मते. लोकांनी रागाने दाबले की शेवटचे बटण म्हणून, यावर आमच्या सकाळच्या फिरण्याच्या कट्ट्यावर अजून वाद होतो.

आता जमिनीकडे येऊ. २००३ मध्ये आदिवासींसाठी ३४ जागा राखीव होत्या. २००८ पासून त्या २९ झाल्या. कारण मतदारसंघांची नवी रचना २००१ च्या जनगणनेवर झाली. आदिवासी ३१.८ टक्के, आणि ९० चे ३१.८ टक्के म्हणजे २८.६. पाच जागा गेल्या त्या कुठल्या लाटेने नव्हे, साध्या त्रैराशिकाने. आदिवासी कमी झाले असेही नाही. २००१ मध्ये ते ६६ लाख होते, २०११ मध्ये ७८ लाख. बाकीची वस्ती अधिक वेगाने वाढली, म्हणून टक्का ३०.६ वर आला.

बाकीची वस्ती कशी वाढते, त्याचे एक उदाहरण. रायपूरला विमानाने उतरता ते माना. १९६४ नंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची मोठी छावणी इथेच होती. त्याआधी, १९५८ मध्ये, दंडकारण्य प्रकल्प सुरू झाला होता. त्यात कांकेर जिल्ह्यात पखांजूरभोवती, पारलकोट भागात, बंगाली गावे वसवली. त्यांना नावाऐवजी क्रमांक: पी.व्ही. अमुक, पी.व्ही. तमुक. लष्करी नकाशावरच्या ठाण्यांसारखे! हा भाग अंतागड मतदारसंघात येतो. मतदारसंघ आदिवासींसाठी राखीव, म्हणजे उमेदवार आदिवासीच हवा, पण मतदारांत बंगाली कुटुंबे मोठ्या संख्येने. त्यांतले बहुसंख्य नमःशूद्र. बंगालमध्ये अनुसूचित जात, इथल्या यादीत नाहीत. दोन्ही बाजूंना आपल्यावर अन्याय झाला असे वाटते, आणि दोघांचेही म्हणणे मला पटते.

रायपूर शहराची कथा निराळी. १९०१ मध्ये वस्ती ३२ हजार, २००१ मध्ये सहा लाख, २०११ मध्ये दहा लाखांच्या वर. राज्यात भाजपचे सरकार असताना २००९ आणि २०१४ मध्ये रायपूरकरांनी थेट निवडणुकीत काँग्रेसचा महापौर केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये मात्र महापौरपद भाजपच्या मीनल चौबे यांच्याकडे गेले आणि ७० पैकी ६० प्रभागही. मतदानाला मात्र शहर आळशी. नोव्हेंबर २०२४ च्या रायपूर दक्षिण पोटनिवडणुकीत जेमतेम निम्मे लोक बाहेर पडले. बस्तरमध्ये बाया नदी-नाले ओलांडून मतदानाला येतात. राज्याच्या यादीत २०२३ मध्ये पुरुषांपेक्षा बायकांची नावे जास्त होती, हे आपल्याकडच्या प्रचारकांनी लक्षात घ्यावे.

आता जनगणना येते आहे. तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७. एकूण जागा ९० च राहिल्या आणि आदिवासींचा टक्का २०११ चाच धरला, तरी वाट्याला २७.५, म्हणजे २८ जागा येतात. आणखी एक गेली. २००५ नंतर सलवा जुडूमच्या काळात दंतेवाडा-बिजापूरकडची हजारो माणसे जीव वाचवायला गोदावरीच्या बाजूला, खम्ममकडे गेली. त्यांतली अनेक कुटुंबे अजून तिकडेच आहेत. प्रगणक त्यांच्या दाराशी जाईल तेव्हा ते दार तेलंगणात असेल, आणि ती माणसे बस्तरच्या हिशेबात धरली जाणार नाहीत.

पारलकोटची गावे पुढच्या भागात नकाशावर बघू. जय हिंद.